राखीवची ओळ

१

बस डेपोच्या कचेरीत ती सहा वर्षं ड्युटीचे तक्ते करत होती. कुठल्या गाडीवर कोण चालक, कोण वाहक, कोणाची सुट्टी, कोणी किती वाजता हजर व्हायचं, हे सगळं आठवड्याच्या एका मोठ्या कागदावर बसवायचं तिचं काम. डेपोत सगळे तिला तक्तेबाई म्हणत, आणि तिलाही ते नाव मनापासून आवडायचं.

प्रत्येक तक्त्याच्या तळाशी 'राखीव' अशी एक ओळ असायची. ती कोरी छापायची आणि त्या दिवशी जो मोकळा असेल त्याचं नाव सकाळी पेन्सिलीने भरायचं. राखीव माणसाने फाटकासमोरच्या बाकावर बसून राहायचं. कोणी आलं नाही तर त्याची गाडी राखीवला मिळते, सगळे आले तर राखीव सही करून घरी जातो. तोंडाने सगळेच म्हणतात की घरी जायला मिळालं तर बरं. पण फाटकातून एकेक जण हजर होत जातो तसा बाकावरच्या माणसाचा चेहरा पडत जातो, हे तिने खिडकीतून कितीदा पाहिलं होतं. असल्या गोष्टी बघायची तिला भारी हौस होती.

सातवा महिना लागला तेव्हा तिने स्वतःच्या बाळंतपणाचाही तक्ता केला. नवरा आधी हसला, पण तक्त्यामागचं कारण त्याला ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी, पहिल्या खेपेला, मोठ्या इस्पितळात तिला एका हिरव्या पडद्यामागे निजवून सगळे दुसऱ्या कोणाकडे तरी धावले होते. नवऱ्याला खालच्या मजल्यावर बसवलं होतं. एक तास दहा मिनिटं तिच्याजवळ कोणी नव्हतं. मग माणसं आली, मुलगा झाला, आणि तो रडला नाही. तेव्हापासून तिच्या मनाने एकच धरलं होतं. या वेळी खोलीत आपली माणसं हवीत आणि प्रत्येकाला आपलं काम माहीत हवं. तेवढं जमलं तर मूल रडेल.

माणसं निवडताना तिने कोणाचीही भीड ठेवली नाही. सासूबाईंना रक्त बघवत नाही, त्या बाद. चुलत जाऊ सतत स्वतःच्याच बाळंतपणाचं सांगते, तीही बाद. बाळंतपण करणाऱ्या तिघींना ती भेटली आणि तिघींना एकच प्रश्न विचारला, "मी ओरडायला लागले तर तुम्ही काय कराल?" पहिली म्हणाली, "ओरडायची वेळच येणार नाही." दुसरीने तीन इंजेक्शनांची नावं सांगितली. तिसरी एक निवृत्त परिचारिका होती, आता स्वतःच्या हिमतीवर सुईणीचं काम करणारी. थोडा विचार करून ती म्हणाली, "ऐकेन." तीच ठरली.

नवरा चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर तपासायचा. जिथे उभा करू तिथे उभा राहील असा त्याचा स्वभाव, म्हणून त्याला समोर हात धरून उभं राहायचं काम. ताई, म्हणजे तिची थोरली बहीण, शाळेत मुख्याध्यापिका. तिच्या एका हाकेने अख्खं मैदान चिडीचूप होतं, म्हणून तिला दार आणि घड्याळ. बाकी सगळं सुईणबाईंकडे. तळाशी हाताच्या सवयीने तिने 'राखीव' लिहिलं, आणि हाताच्याच सवयीने पुढची जागा कोरी सोडली. कागद स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला चिकटवून टाकला.

२

सुईणबाई दर रविवारी दुपारी घरी येऊन तालीम घ्यायच्या. "नाटकवाले करतात, बँडवाले करतात, मग बाळंतपणाचीच तालीम का नको?" असं त्यांचं म्हणणं. मागच्या खोलीतलं इस्त्रीचं टेबल भिंतीला लावलं होतं, जमिनीवर सतरंजी होती. खिडकी जिन्याकडे उघडायची, त्यामुळे वरखाली जाणाऱ्यांच्या चपलांचा आवाज यायचा.

"कळ आली असं समजा," सुईणबाई म्हणाल्या. "टेबलावर कोपर टेका, डोळे मिटा, लांब श्वास सोडा."

तिने डोळे मिटले. नवऱ्याने टेबलाच्या पलीकडून तिचे दोन्ही हात धरले. दिवसभर खुर्चीत बसून कमरेखाली डावीकडे तिला एक ठणका लागायचा. नेमका तिथेच एक तळहात येऊन टेकला. छोटा होता, ताईचाच वाटला. दाब हळूहळू वाढला आणि हवा तेवढा झाल्यावर थांबला. तिला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

"ताई, काय हात आहे गं तुझा," डोळे उघडून ती म्हणाली.

ताई दाराशी घड्याळ बघत उभी होती. "माझा? मी इथून हललेसुद्धा नाही."

नवऱ्याचे हात तर तिच्याच हातांत होते. सुईणबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत वही घेऊन बसल्या होत्या. त्यांनी शांतपणे सांगितलं की बाळाचं डोकं खाली सरकू लागलं की कमरेत असे भास होतात, आणि वहीत काहीतरी टिपून ठेवलं. तिने मान डोलावली. भास असेल तर चांगल्या जातीचा आहे, असं तिच्या मनात आलं.

३

पुढच्या रविवारी मोजायचं शिकवलं. कळ आली की तिच्याबरोबर दहापर्यंत मोजायचं, आणि तेही पाळीपाळीने, म्हणजे तिला सगळ्यांच्या आवाजांची सवय होईल. ताई एक, नवरा दोन, सुईणबाई तीन, मग परत ताई चार.

ती डोळे मिटून टेबलावर वाकली. तळहात आला. मोजणं झालं. पण शेवटचा दहा नवऱ्याच्या आवाजात ऐकू आला, आणि तिने डोळे उघडले. तक्ते करून करून तिच्या डोक्यात असली गणितं आपोआप चालायची. तिघं पाळीपाळीने मोजत असतील तर दहा ताईवर येतात. नवऱ्यावर यायला मोजणारे चार लागतात.

"चार कोण म्हणालं?" तिने विचारलं.

"मी," ताई म्हणाली.

"आणि पाच?"

ताईने बोटांवर मोजून पाहिलं. "पाचही मीच म्हणाले की."

"लागोपाठ दोन आकडे?"

"अगं, चुकलं असेल. तुला बाळ व्हायचंय की माझी परीक्षा घ्यायचीय?"

तिने त्यांना पुन्हा मोजायला लावलं. दहा परत नवऱ्यावर आले. तिसऱ्या वेळी तिने सगळं लक्ष चारवर ठेवलं. सुईणबाईंनी तीन म्हटलं. मग एका श्वासाएवढी जागा गेली. मग ताईने पाच म्हटलं, आणि चार आकडा कोणीच बोललेलं नाही हे तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. त्या रिकाम्या जागेत तिलाही आवाज काही ऐकू आला नाही, फक्त कमरेवरचा दाब किंचित वाढला. आठच्या वेळीही तसंच झालं.

घाबरण्यासारखी गोष्ट होती, आणि रात्री तिला थोडी भीती वाटलीही. पण खरं सांगायचं तर तिला उत्सुकताच जास्त होती. ती आता रविवारची वाट बघू लागली.

४

कपाटावरच्या तक्त्याकडे तिचं लक्ष गेलं ते सोमवारी सकाळी, पाणी पिताना. राखीवच्या पुढे कोरी जागा. ती कोणी परस्पर भरली तर नसेल, असं तिच्या मनात आलं.

डेपोत हेडक्लार्क म्हणजे जुनं खोड. तिने त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "साहेब, राखीवची ओळ कोरीच राहिली तर काय होतं हो?"

"काय व्हायचंय? बाकावर जो येऊन बसेल तो राखीव," ते म्हणाले. "एकदा झालं होतं तसं, तुमच्या आधी. एक जण तीन दिवस बसून गेला. मग कळलं, तो आपल्या डेपोचा माणूसच नव्हता."

"मग हाकललात त्याला?"

"कळेपर्यंत चौथा दिवस उजाडला. त्या दिवशी एक चालक आलाच नाही. याने गाडी नेली." हेडक्लार्कांनी चष्मा पुसला. "चांगली चालवली असं प्रवासी म्हणाले."

"आणि न आलेला चालक?"

"तो नाही आला," ते म्हणाले, आणि पुढची फाईल त्यांनी ओढून घेतली.

त्या संध्याकाळी तिने डेपोतल्या एका वाहक मैत्रिणीला विचारलं. मैत्रीण म्हणाली, "कधीही बोलव, बस रस्त्यात सोडून येईन." तिने घरी येऊन राखीवच्या पुढे मैत्रिणीचं नाव लिहिलं. काम नियमात बसलं म्हणून तिला बरं वाटलं.

रविवारी तालीम झाली. मैत्रीण ड्युटीवर होती, तिला काही बोलावलं नव्हतं. इकडे ही टेबलावर वाकली, डोळे मिटले, आणि कमरेवर काहीच आलं नाही. ताई एक, नवरा दोन, सुईणबाई तीन, ताई चार. दहा बरोबर ताईवर आले. हातांत नवऱ्याचे हात होते, आणि तरी मिटल्या डोळ्यांपुढे तो हिरवा पडदा आला. पडद्याची ती पितळी कडी, पलीकडून लांब जाणारे बूट. ती इतकी रडली की सुईणबाईंनी तालीम थांबवली.

"मी आहे ना," नवरा म्हणत राहिला. "आम्ही सगळे आहोत ना इथे."

होते ना, सगळे होते. पण ती पुन्हा एकटी पडली होती, आणि हे त्याला सांगणं म्हणजे त्याचं मन मोडणं. तो झोपल्यावर तिने खोडरबर घेतलं आणि मैत्रिणीचं नाव पुसून टाकलं. आपण काय करतोय हे तिला नीट समजत होतं.

५

तळहात परत आला. दहा परत नवऱ्यावर येऊ लागले.

आणि मग तिला खरी धास्ती लागली. राखीवला काम मिळतं ते कोणीतरी आलं नाही तरच. जो इतक्या इमानाने दर रविवारी हजर होतो, त्याला एखादी गाडी हवीच असणार. तिघांपैकी कोणाची?

तिने नवऱ्याची स्कूटर बंद करायला लावली. जिना उतरताना कठड्याला धर म्हणून ती रोज बजावायची. ताईला दिवसातून तीन फोन. सुईणबाई एकदा खोकल्या तर हिने त्यांना वाफ घ्यायला लावली.

"मला काचेच्या कपाटात ठेवून दे," नवरा म्हणाला. "दुकानात आहे एक. फ्रेमच्या शेजारी बसून राहीन."

"थट्टा करू नकोस. तुला त्या दिवशी यायचंय."

"मी तुला सोडून कुठे जाणार आहे?"

"जायचं नाहीये रे. यायचंय," ती म्हणाली. त्याला काही कळलं नाही, पण त्याने कठड्याला धरायचं कबूल केलं.

६

मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, पुढच्या आठवड्याचा तक्ता आखताना तिची पट्टी हातातून निसटली. पहिली कळ तिने घड्याळात बघून घेतली, दुसरीही. मग तिने तीन फोन केले, आणि हेडक्लार्कांनी स्वतः तिला गाडीत बसवलं.

प्रसूतिगृह लहानसं, दोन मजली. खोलीत एक उंच पलंग, त्याचं डोक्याकडचं अंग वर उचललेलं, त्यामागच्या भिंतीला औजारांचं काचेच्या दारांचं कपाट. फरशी नुकतीच पुसलेली होती. सुईणबाई आधीच येऊन बाह्या सारून उभ्या होत्या. दहा मिनिटांत ताई आली. मग जिन्यावर धावपळ ऐकू आली आणि नवरा आला, खांद्यावर दुकानातलं काचा पुसायचं फडकं तसंच होतं.

तिने मोजलं. एक, दोन, तीन. सगळे हजर. तिला इतकं हायसं वाटलं की ती मोठ्याने हसली, आणि ताईला वाटलं हिला वेड लागलं.

दुपारपर्यंत कळा लागोपाठ येऊ लागल्या. ती पलंगावर गुडघे टेकून, वर उचललेल्या अंगाला कवटाळून बसली. नवरा शेजारी उभा राहून तिचा हात धरून होता. आणि कमरेवर तळहात आला. आज एक नव्हे, दोन.

सगळे आलेत, ती मनात म्हणाली. तुझं काम नाही आज. सही कर आणि जा.

तळहात हलले नाहीत. ओरडत, धापा टाकत तिने मान वर केली, आणि समोरच्या काचेत खोली दिसली. ताई दाराशी. सुईणबाई पायांकडे, दोन्ही हात तयार ठेवून. नवरा डावीकडे. आणि तिच्या मागे, पलंगाच्या कडेपर्यंत डोकं जेमतेम पोचेल एवढं कोणीतरी, हात उंच करून तिच्या कमरेला टेकवलेलं. कपाटाच्या दोन दारांमधली लाकडी पट्टी नेमकी त्याच्या चेहऱ्यावर आली होती. मान कुठे वळली आहे एवढंच तिला दिसलं.

बाकावरचा राखीव नेहमी फाटकाकडे बघत असतो, कोण येतं, कोण येत नाही. हे दाराकडे बघतच नव्हतं. सुईणबाईंचे हात जिथे वाट बघत होते, तिथे ते बघत होतं.

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. यायचे तिघं आले होते. या खोलीत यायचं आता एकच जण उरलं होतं.

७

"डोकं दिसलं," सुईणबाई म्हणाल्या. "आता घाई नको. हळू. अजून एकदा."

ती ओरडली, आणि पहिल्या भेटीत कबूल केलं होतं तसं सुईणबाईंनी ऐकलं. मग एकदम सगळं मोकळं झालं, आणि ताई म्हणाली, "मुलगी."

मुलगी रडली नाही.

खोलीतले आवाज तिच्या ओळखीचे होते. तीन वर्षांपूर्वीही असेच होते. ओलं फडकं अंगावर घासल्याचा आवाज, तळपायावर टिचक्या मारल्याचा, आणि सुईणबाईंचा सावकाश, फार सावकाश श्वास. ताईने घड्याळाकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. नवऱ्याचा हात गार पडला होता. सगळी माणसं खोलीत होती, प्रत्येक जण आपलं काम बिनचूक करत होता, आणि त्याने काहीही फरक पडत नव्हता.

दोन्ही तळहात अजून तिच्या कमरेवर होते. दाबत नव्हते. नुसते टेकलेले, कोणी परवानगीची वाट बघत उभं असावं तसे.

आपण हे काय आहे ते विचारलेलं नाही, असं तिच्या मनात आलं. इतके दिवस मोजलं, कान लावले, काचेत पाहिलं, पण विचारलं कधीच नाही. आता विचारायला वेळ नव्हता. वेळ असता तरी तिने विचारलं असतं का, हे तिला पुढे कधी नक्की सांगता आलं नाही.

"जा," ती म्हणाली.

"कोणाला म्हणतेस?" नवऱ्याने विचारलं.

कमरेवरचे तळहात निघाले. आधी एक, मग दुसरा. आणि सुईणबाईंच्या हातांत मूल रडलं. चांगलं खणखणीत, खोली भरून रडलं. नवरा मटकन खाली बसला आणि खांद्यावरच्या फडक्यात तोंड खुपसून हुंदके देऊ लागला. ताईने धावत जाऊन दार उघडलं आणि बाहेरच्या परिचारिकेला ओरडून सांगितलं की रडली, आमची मुलगी रडली. सुईणबाई स्टुलावर टेकल्या. "दोन मिनिटं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "दोन मिनिटं काहीच नव्हतं."

तिला उताणं निजवून मुलीला तिच्या छातीवर ठेवलं. ताई वाकून बघू लागली. "कोणावर गेलीय गं? नाक तर तुझं नाही. याचंही नाही."

"कपाळ आईचं आहे," नवरा डोळे पुसत म्हणाला.

"तुझ्या आईचं? छे. आमच्याकडचंही नाही."

"कोणावर का गेली असेना," ती म्हणाली. तिने मुलीला जवळ ओढून घेतलं, आणि मुलगी भुकेली होती, लगेच प्यायला लागली. अंग गरम होतं, वजन खरं होतं. तिला रडू आलं, आणि त्या रडण्यात आनंदच जास्त होता, हे तिने कोणापासून लपवलं नाही.

थोड्या वेळाने मुलगी प्यायची थांबली. इतक्या लहान जिवाला मान वळवता येत नाही म्हणतात. तिने वळवली. ताईने उघडं टाकलेल्या दाराकडे ती एकटक बघत राहिली, आणि तिचा चिमुकला चेहरा ताणला गेला.

बाहेर व्हरांडा रिकामा होता. परिचारिका निघून गेली होती. पलीकडे जिना होता, आणि जिन्याच्या अगदी खालच्या पायऱ्यांवर काहीतरी हलकं, अडखळत, सावकाश वर येत असल्यासारखं वाटत होतं. डेपोत राखीव गाडी घेऊन गेला की मग उशिरा पोचलेल्याला फाटकातूनच परत पाठवतात. कोणी पाठवायचं, तर तक्ता करणाऱ्याने.

ती ऐकत राहिली. एक पायरी. मग बऱ्याच वेळाने दुसरी. छातीवरचं मूल आता थरथर कापत होतं.

"अरे," ती नवऱ्याला म्हणाली, "दार लावून घे."

"उकडेल की."

"लाव," ती म्हणाली. "आतून कडी घाल."

त्याने उठून दार लावलं आणि कडी घातली. मुलगी परत प्यायला लागली.